बाजार कमी केल्यावर

आमच्या घरात वारांची नावं कुणी घेत नसे, गावांची घेत. आज वारंग्याकडचं गाव, उद्या हिंगोली, परवा पुसेगाव. लहान मुलांची झबली, फ्रॉक, बायकांचे परकर आणि गाऊन, थंडीत कानटोप्या, असा आमचा धंदा. सहा दिवस सहा ठिकाणचे आठवडी बाजार आणि सातव्या दिवशी माल भरायला नांदेड. लग्न झाल्यापासून हेच. मुलीलाही गाठोड्यांमध्ये झोळी बांधून वाढवली. ती आता पुण्यात नोकरी करते, आणि फोनवर मी काही बोलायच्या आत विचारते, "आई, आज कुठलं गाव?"

कामाची वाटणी ठरलेली होती. सकाळी चहाचा कप हातात देताना मी गावाचं नाव सांगायचं आणि ह्यांनी गाडी काढायची. तोंड माझं, हात त्यांचे. ह्यांना बोलायचा कंटाळा आणि मला गप्प बसायचा, त्यामुळे संसार बरा चालला. आमचा छोटा हत्ती टेम्पो तांबडं फुटायच्या आत रस्त्याला लागायचा. बाजारात जागेवर कुणाचं नाव नसतं. जो बसतो त्याची जागा. रस्त्याकडेची, लिंबाच्या सावलीतली जागा टिकवायची तर सगळ्यांच्या आधी जाऊन ताडपत्री बांधावी लागते. म्हणून आम्ही कुठल्याही गावात पहिले. मैदान रिकामं असणं ही आमच्यासाठी रोजचीच गोष्ट.

म्हणूनच त्या दिवशी आम्हाला काही वेगळं वाटलं नाही. गाडीत मला झोप लागली होती. पुसेगावात पोचलो, लिंबाला दोरी बांधली, ताडपत्री ताणली. मी फ्रॉक हँगरला लावून ओळीनं टांगले. पुढं मोठ्या मापाचे, मागं लहान. गाऊनची घडी मोडून एक लाल रंगाचा अगदी समोर लावला, कारण लाल दिसला की बायका थांबतात. डब्यातलं थालीपीठ खाऊन झालं. ऊन चढलं. शेजारी मिरची-मसाला विकणारी बाई अजून आली नव्हती. भाजीवाले आले नव्हते. एक म्हैस येऊन आमच्या ताडपत्रीला अंग घासून गेली. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, आज सगळ्यांना झोप लागली की काय.

डेअरीवर दूध घालून परतणारा एक म्हातारा सायकल धरून थांबला. आमच्याकडे बघितलं, टांगलेल्या कपड्यांकडे बघितलं.

"बाई, आज काहून आलात तुमी? बाजार तर परवा हाय."

मी हसले. तो हसला नाही. मग मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे शांतपणे म्हणाले, "तूच तर म्हनलीस सकाळी, पुसेगाव."

आणि मला आठवेना. सकाळी मी काय म्हणाले होते ते मला खरोखर आठवेना. डोक्यात नांदेडच्या व्यापाऱ्याशी झालेलं भांडण होतं, मुलीचा न आलेला फोन होता, सहा गावांची मापं होती. त्या गर्दीत सकाळच्या एका शब्दाचा पत्ता लागत नव्हता. आम्ही त्या दिवशी वारंग्याकडच्या गावात असायला हवं होतं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मी फ्रॉक उतरवायला लागले. लाल गाऊनची घडी मला घालताच येईना, तसाच बोळा करून गाठोड्यात कोंबला.

लोकांना ही हसण्यासारखी गोष्ट वाटेल. मला वाटली नाही, त्याचं कारण माझी आई. तिचं सुरू झालं तेही असंच. एका सकाळी खुरपं घेऊन गेली आणि दुसऱ्याच्या शेतात बसून दुपारपर्यंत निंदत राहिली. गावानं हसून घेतलं, आम्हीही हसलो. शेवटी शेवटी ती मलाच विचारायची, "बाई, तुमी कोनाच्या?" मी तिच्या केसांना तेल लावत असायचे आणि ती मला परक्या बाईसारखी 'तुमी, तुमी' करायची. ते 'तुमी' मी अजून विसरलेले नाही.

हिंगोलीतल्या एका डॉक्टरांकडे गेले. एकटीच गेले, घरी सांगितलं गुडघा दुखतोय म्हणून. त्यांनी रक्त तपासलं, झोप किती, काम किती, ते विचारलं. मी आठवडा सांगितला तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, एवढ्या धावपळीत कुणीही विसरेल. आधी हे कमी करा, दोन-तीन महिने नीट झोपा, मग पाहू. सगळं बोलणं धीराचं होतं, पण माझ्या कानात राहिलं ते शेवटचं 'मग पाहू'. कारण जोवर मी धावत होते तोवर विसरण्याचा दोष धावपळीवर टाकता येत होता. धावपळ थांबवली आणि तरीही विसरले, तर दोष टाकायला दुसरं कुणी उरणारच नव्हतं. मी इतकी भ्याले होते की महिनाभर काहीच कमी केलं नाही.

शेवटी मीच ह्यांना सांगितलं, बाजार निम्मे करू. पोरीचं शिक्षण झालं, घर आपलं आहे, दोघांना लागतं किती. एरवी माझ्या कुठल्याही म्हणण्याला 'बराबर' म्हणून मान हलवणारा माणूस, त्या दिवशी ताट सरकवून उठला. रिकामं बसून माणूस सडतं, म्हणाले. गिऱ्हाईक तुटतं, जागा जाते, लोक म्हणतील धंदा बसला. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, जागेत जीव अडकलाय. मी माझा हेका सोडला नाही. हेका न सोडणं हा माझा जुना गुण आहे, ह्यांना विचारा.

तीन बाजार सोडले. पुसेगावचा सोडला, तो त्या फजितीमुळे. शेवटच्या दिवशी मसालेवाल्या बाईनं माझ्या जागेकडे बघत सांगितलं की चार बाजार वाट बघेन, त्यानंतर माझी भाची बसंल. मी म्हटलं, आत्ताच बसव. तिनं मला पावशेर तिखट बांधून दिलं.

लोकांना वाटतं मोकळा दिवस म्हणजे सुख. पहिल्या मोकळ्या सकाळी मी दारात बसले आणि घाबरले. बाजारात एका वेळी चार बायका चार मापं मागतात, तिथं स्वतःकडे बघायला सवड नसते. इथं सबंध दिवस माझ्यासमोर येऊन बसला होता. मी स्वतःची परीक्षा घेऊ लागले. एकोणिसाचा पाढा म्हणायचा. काल काय भाजी होती ते आठवायचं. कुठल्या गिऱ्हाइकाला किती लेकरं, थोरलं केवढं, धाकट्याला कुठलं माप, हे भिंतीकडे बघत पुटपुटायचं. एकदा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला आणि सापडल्यावर ढसाढसा रडले. दूध उतू गेलं तरी आई डोळ्यांपुढं उभी. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मला बघायचे. मी बघितलं की नजर दुसरीकडे न्यायचे. मला वाटायचं, ह्यांना कळलंय, दयेपोटी बोलत नाहीत.

पण हळूहळू झोप यायला लागली. सकाळी वंदनेला विहारात जाऊ लागले, आधी कधी ते जमलंच नव्हतं. झाडलोट करायची, बायकांशी दोन गोष्टी बोलायच्या, उन्हं अंगणात आली की परतायचं. एकोणिसाचा पाढा बिनचूक येऊ लागला. चष्मा खिळ्याला टांगलेला राहू लागला. तरी माझा विश्वास बसेना. भीतीला एकदा घरात राहायची सवय लागली की ती सहजासहजी निघत नाही.

एका पौर्णिमेला मी पहाटेच विहारात गेले. हे झोपलेले होते, मी दार नुसतं लोटून घेतलं. तिथंच चहा झाला, खीर झाली, बरंच उशिरा परत आले. बघते तर गाडी दारात, मागं गाठोडी चढवलेली, ताडपत्री वर बांधलेली, आणि हे घामाघूम होऊन चाकाजवळ उभे.

"कवाची वाट बघून राहिलो. चल, उशीर झाला. पुसेगाव."

मी म्हटलं, आज कुठला बाजार? पुसेगाव तर आपण सोडलं.

"तूच म्हनलीस की, चहा देताना."

मी त्या सकाळी त्यांना चहा दिला नव्हता. आमचं बोलणंच झालेलं नव्हतं. मी पायरीवर उभी राहिले आणि, खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. इतका आनंद की हसू फुटलं. मी नाही. मी नाही, मला काही झालेलं नाही. मग माझं लक्ष ह्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. ते माझ्या हसण्याचा अर्थ शोधत होते आणि त्यांना तो सापडत नव्हता. माझं हसू तिथंच विरलं. मी म्हटलं, माझंच चुकलं, आज नाही जायचं, आणि आम्ही दोघांनी मिळून गाठोडी उतरवली.

दुसऱ्या दिवशी वारंग्याकडचा बाजार होता. जाऊ नये असं मला सांगता आलं असतं. पण काय कारण सांगू? मी रोजच्यासारखा चहा दिला, गावाचं नाव दोनदा सांगितलं आणि गाडीत बसले. इतकी वर्षं मी गाडीत बसल्या बसल्या झोपायचे. त्या दिवशी पापणी लवली नाही. समोरून ट्रक आला की मी दाराची कडी घट्ट धरायचे. गाडी ते छान चालवत होते, नेहमीसारखीच, हात अगदी सरावाचे. मला वाटलं, कालचं स्वप्न असेल. म्हातारपणी होतं एखाद्याला.

वारंगा फाटा आला. एक रस्ता नांदेडला, एक यवतमाळकडे, आणि एक आम्ही आलो तो. ह्यांनी गाडी हळू केली आणि ऐन चौकात थांबवली. मागून हॉर्न सुरू झाले. एका ट्रकवाल्यानं हिंदीत शिवी दिली. हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते. ज्या फाट्यावर आम्ही आठवड्यातून दोनदा यायचो, तिथं.

"कोनीकडं?" ते म्हणाले.

मी म्हटलं, डावीकडं घ्या आणि त्या हॉटेलापुढं थांबवा. त्यांनी तसं केलं. आम्ही बाकड्यावर बसलो, दोन चहा सांगितले. चहा आला तरी कुणी कप उचलेना. मग मी विचारलं, कधीपासून?

ते कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "त्या दिशी पुसेगाव तू म्हनली न्हवतीस. गाडी लावली अन् माझ्या ध्यानात आलं."

"मग माझ्यावर काहून ढकललं?"

"भेव वाटलं." मग म्हणाले, "तू खमकी हायेस. तुला वाटलं तुझं चुकलं, तर तू हसून सोडशील. माझं चुकलं म्हनलं असतं तर..." चहावर साय धरली होती, ती त्यांनी बोटानं बाजूला केली. "रोज एक गाव व्हतं तवा गाडी आपोआप जायाची. तू बाजार सोडले. मदी मोकळे दिवस आले अन् मला समजंना, आपन कोन्त्या दिसावर हाव."

मला संताप आला. किती महिने मी भिंतीकडे बघत पाढे म्हटले, चष्म्यासाठी रडले, आई डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि हा माणूस कोपऱ्यात बसून सगळं बघत होता. मी ते सगळं बोलले. चहावाला भांडी घासायचा थांबला इतक्या आवाजात बोलले. ह्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बोलून संपले तेव्हा मला कळलं की माझी भीती गेलीच नव्हती. तिनं फक्त जागा बदलली होती, आणि ही जागा मला स्वतःपेक्षा जवळची होती.

बाजार तर गेलाच होता. मी चहावाल्याला विचारलं, हिंगोलीपर्यंत गाडी नेणारा कुणी ओळखीचा ड्रायव्हर मिळेल का. तो म्हणाला, बघतो, आणि पंक्चरवाल्याच्या दुकानाकडे गेला. मी मनाशी हिशेब करत होते. हिंगोलीच्या बाजाराला घरून पायी जाता येतं, तेवढा ठेवू. बाकी सगळे सोडू. नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मुलीला सांगावं लागेल, तिला कसं सांगायचं ते ठरवू.

मग मी हात पुढं केला आणि म्हटलं, "चाबी द्या."

माझ्या भावानं एकदा गाडी मागितली तर हे दोन दिवस जेवले नव्हते. गॅरेजवाल्याला चाबी देतानासुद्धा तोंड वाकडं करायचे, आणि काम होईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभे राहायचे. मला वाटलं भांडतील. निदान कशाला म्हणून विचारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

त्यांनी शर्टाच्या खिशातून चाबी काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं स्वतःच मिटवली. मग थंड झालेला चहा उचलून घोट घोट पिऊ लागले. चेहरा कितीतरी दिवसांनी निवांत दिसत होता. मी चाबी मुठीत धरून त्यांच्या शेजारी बसले होते आणि मनातल्या मनात एकोणिसाचा पाढा म्हणत होते.