विजारींची भिंत

बाळीवेशीतल्या सुंदरम्मा अंगानं भरलेल्या आणि आवाजानं त्याहून मोठ्या. भुसाराचं दुकान नवऱ्याकडं आणि गल्लीचा कारभार यांच्याकडं, अशी वाटणी लग्नापासूनच झालेली. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सांगोल्याकडं गावंच्या गावं दुष्काळी कामावर खडी फोडायला लागली, तेव्हा सुंदरम्मांनी मनावर घेतलं आणि त्या घरोघरचे कपडे गोळा करायला निघाल्या. नाही म्हणायची सोय नव्हती. त्या थेट कपाटापाशीच जाऊन उभ्या राहायच्या. कोट, लोकरी विजारी, कुणाच्या तरी जावयाचा मफलर, जे हाती लागेल ते गठ्ठ्यात. मदत समितीचे अध्यक्ष गुरुबसप्पा सुताचे व्यापारी. त्यांनी ट्रक दिला. सुंदरम्मा छत्री उघडून गठ्ठ्यांवरच बसल्या आणि निघाल्या.

ऐन दुपारी ट्रक माळावर पोचला. हातोड्या ठेवून बायका जमल्या. पहिला गठ्ठा सुटला आणि निघाला गुडघ्यापर्यंतचा लोकरी ओव्हरकोट. त्याखाली दुसरा. मग विजारीच विजारी.

तेवढ्यात टोळीची मुकादमीण भीमाबाई पुढं आली. तिनं तो कोट अंगात चढवला, सगळी बटणं लावली, कॉलर वर केली आणि सूर्याकडं बघून थंडीनं कुडकुडावं तशी कुडकुडली.

माळभर हशा पिकला. सुंदरम्मा आधी ओशाळल्या. मग त्यांचंही पोट हलायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, शेवटी त्या ट्रकच्या सावलीत मातीवरच बसल्या. दम खाऊन त्यांनी विचारलं, मग तुम्हाला हवंय तरी काय? हे आधी विचारायला हवं होतं, हे त्यांना विचारताना कळलं.

भीमाबाईचं हसू ओसरलं.

"आडोसा पायजे, अक्का. ह्या माळावर झाड न्हाय. चहूकडनं गडी मानसं. दिसभर आमी पानी पीत न्हाय. पिलं तर जायाचं कुटं?"

सुंदरम्मा उठल्या आणि ड्रायव्हरकडून ट्रकच्या ताडपत्रीचे बांबू, सुतळी आणि दाभण मागून घेतलं. बायकांनी कोटाला कोट शिवला, विजारीला विजार. बांबू रोवले. वारा आला की सगळ्या विजारी एकदम पाय झाडायच्या, आणि शिवणाऱ्या बायका पुन्हा हसत खाली बसायच्या. बऱ्याच वेळानं तीन बाजूंनी बंद आणि पुढं आडवा पडदा असलेला भक्कम आडोसा उभा राहिला. बायका पोटभर पाणी प्यायल्या.

तेवढ्यात गुरुबसप्पा फोटोवाल्याला घेऊन जीपनं आले. वाटपाचा समारंभ कुठं, म्हणून त्यांनी विचारलं. भिंत बघून ते चिडलेच. लोकांनी कपडे अंगात घालायला दिलेत, त्यांना आता काय तोंड दाखवायचं?

"अप्पा," सुंदरम्मा म्हणाल्या, "लोकांनी हे ह्या बायकांसाठी दिलंय की आपल्या फोटोसाठी?"

गुरुबसप्पा भिंतीजवळ गेले आणि एका बाहीपाशी थबकले. तो त्यांचाच लग्नातला कोट होता, हळदीच्या डागासकट. बायकोनं तो परस्पर देऊन टाकला होता. ते डाग निरखत असतानाच पलीकडून आवाज आला, "कोन हाय ते? लांब व्हा की. आत मानूस हाय."

गुरुबसप्पा असे मागं सरले की चप्पल तिथंच राहिली. जीपपाशी पोचल्यावर मात्र त्यांनाही हसू आवरेना. या भिंतीचा फोटो काढायचा नाही, असं फोटोवाल्याला त्यांनीच बजावलं.

पुढच्या कामावर सुंदरम्मा आधी मोकळ्या हातानं गेल्या, विचारायला. तिथल्या बायकांनी धान्य मागितलं, आणि त्याबरोबर फण्या. समितीत कुरकुर झाली. पोटाची भ्रांत असताना फण्या कसल्या? सुंदरम्मा म्हणाल्या, धान्य आधी उतरवू, पण फण्या त्याच ट्रकमधनं जातील.

ट्रक पोचला त्या संध्याकाळी काम सुटल्यावर बायका एकीमागं एक रांगेनं बसल्या आणि पुढचीचे केस विंचरायला लागल्या. सुंदरम्मांनाही त्यांनी ओढून बसवलं. त्यांचा अंबाडा सुटला, फणी गुंत्यात अडकली, आणि "हळू गं बाई" म्हणता म्हणता त्या इतक्या खिदळल्या की रांगच्या रांग डोलायला लागली.