हाकेला ओ देणाऱ्या बाहुल्या

संग्रहालयाच्या इजिप्त दालनात काचेमागे वीतभर उंचीच्या निळ्या बाहुल्या उभ्या होत्या, हात छातीशी घेऊन. आईला बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून मी पाटी वाचून दाखवली. या बाहुल्या धन्याच्या प्रेताबरोबर ठेवत. मेल्यानंतरच्या जगात त्याला शेतावर कामाला बोलावणं आलं, की त्याच्याऐवजी यांनी ओ द्यायची आणि कामाला लागायचं.

"म्हणजे मेल्यावरही सुटका नाही," आई म्हणाली.

मला त्या धन्याची चीड आली. मेलेल्या माणसावर चिडणं फार सोयीचं असतं. आईच्या खांद्यावरच्या पिशवीत बाबांच्या गोळ्या होत्या, पाण्याची बाटली होती आणि माझी छत्रीही होती. तिचा गुडघा सकाळपासून दुखत होता, तेही मला ठाऊक होतं. ती मात्र एका बाहुलीचं झिजलेलं नाक बघत होती, ओळखीचं कुणी दिसावं तशी.

दाराजवळच्या बाकावरून बाबांची हाक आली, "अगं, पाणी."

"आले," आई म्हणाली. ती लंगडत निघाली, तेव्हा मी बाजूला सरकून तिला वाट करून दिली. तेवढंच केलं.