तारकाकांची हिरवी पेटी

तारकाकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. चौतीस वर्षं टेलिफोनच्या लाइनवर काढलेला माणूस. खांबावर चढायचं, तार ओढायची, जोड घ्यायचा आणि खाली उतरून तारांच्या पेटीचं दार लावायचं. या दार लावण्यावर त्यांचा भारी कटाक्ष. पेटी उघडी राहिली की धूळ, पाली, उंदीर आणि रिकामटेकड्यांची बोटं आत शिरलीच म्हणून समजा. हाताखाली नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी ते त्याला दम भरायचे, एक वेळ जेवायला विसर, पण पेटी लावायला विसरू नकोस.

अशा माणसाच्या घरात सुनेने वायफाय आणलं. मुलगा जहाजावर, वर्षातून दोनदा तोंड दाखवणार. म्हणून सूनबाईने ऑफिसकडून घरून काम करायची परवानगी मिळवली आणि लेकीला घेऊन ती सासऱ्यांकडे राहायला आली. काकू गेल्यापासून काका एकटेच होते. भिंतींशी माणूस बोलून बोलून किती बोलणार? नात आली, दिवसभर बडबड सुरू झाली आणि काका हरखून गेले. त्या आनंदाच्या भरात त्यांनी दोन दिवस खपून राउटरसाठी एक पेटी केली. जाड पत्रा, हिरवा रंग, गरम हवा जायला वर बारीक भोकं आणि दाराला स्प्रिंग, म्हणजे कुणी विसरलं तरी दार आपलं आपण लागणार. सूनबाई बघतच राहिली. छान झालीय म्हणाली.

त्यानंतर लॅपटॉपचं नेट जायला लागलं.

कायमचं गेलं असतं तर काकांनी हूं की चूं केलं नसतं. पार बंद पडलेली लाइन सापडते. पण हे मेलं मध्येच यायचं, मध्येच जायचं. राउटर बाहेरच्या दाराशी, सूनबाईचं टेबल बोळाच्या टोकाला आतल्या खोलीत. ऐन मीटिंगमध्ये समोरच्यांना तिचा तोंड उघडलेला चेहरा तसाच थिजलेला दिसायचा. साहेब भला माणूस, पण भलेपणालाही काही अंत असतोच की. शेवटी त्याने सांगून टाकलं, गुरुवारी तीन वाजता मोठ्या ग्राहकापुढे तुझं सादरीकरण आहे, त्यात नेट गेलं तर सोमवारपासून ऑफिसात ये. ऑफिस पाचशे किलोमीटरवर. म्हणजे सून जाणार आणि नातही जाणार.

काकांनी कंबर कसली. जुन्या पद्धतीची दोषवही आखली: तारीख, वेळ, पत्ता, दोष, उपाय, ग्राहकाची सही. पत्त्याचा रकाना कोराच ठेवला, स्वतःच्याच घराचा पत्ता काय लिहायचा? बाहेरच्या खोलीत फोन मस्त चालतो, तेव्हा लाइन ठणठणीत आणि खोट लॅपटॉपची, असा त्यांनी निकाल दिला. लॅपटॉप काखेत मारून दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने लॅपटॉपला घरचं वायफाय विसरायला लावलं, दुकानातलं जोडलं, सॉफ्टवेअर नवं भरलं, आणि गुणी बाळासारखा तो लॅपटॉप तिथे तासभर चालला. घरी आणला की पुन्हा तेच रडगाणं. कंपनीला फोन केला, तर तिथल्या मुलीने विचारलं, राउटर मोकळ्या जागेत आहे ना? काकांनी छाती फुगवून सांगितलं, एकदम बंदोबस्तात आहे.

आणखी एक भानगड होती. काका सकाळी अकराला आणि दुपारी साडेतीनला घरातल्या सगळ्या तारा, बटणं बघत फेरी मारत. हाडाच्या लाइनमनची सवय ती. फेरीत रोज पेटीच्या दारात पुठ्ठ्याची घडी अडकवलेली सापडायची आणि दार बोटभर उघडं. नातीचे उद्योग, असं म्हणून काका पुठ्ठा काढून खिशात टाकत आणि दार लागू देत.

गुरुवार उजाडला. आत सादरीकरण रंगात आलं होतं. साडेतीन वाजता काका चवड्यांवर चालत पेटीपाशी आले. पुठ्ठा होताच. त्यांनी तो काढला, दार लागलं, आणि आतून आवाज आला, "हॅलो? माझा आवाज येतोय का?" राउटरचे दिवे बघायला काकांनी घाईने दार उघडलं, तर सूनबाई पुन्हा सुरळीत बोलू लागली. काका चक्रावले. खात्री करायची म्हणून हात सैल सोडला. दार लागलं. "हॅलो? हॅलो?"

मग काकांनी ते दार जे धरलं ते धरलंच. खिशात पुठ्ठा होता, पण आज त्यांचा पुठ्ठ्यावर विश्वास नव्हता. चाळीस मिनिटं ते दार ओढून उभे होते. खांदा भरून आला, नाकावर माशी बसली, शेजारी वर्तमानपत्र मागायला आला त्याला त्यांनी नुसते डोळे वटारून परत पाठवलं. तारेला पेटी चालते, पण बिनतारी लहरी पत्र्यात कोंडून राहतात, चौतीस वर्षांत आपण एवढी बिनडोक पेटी लावली नव्हती, असं ते मनातल्या मनात स्वतःला सुनावत होते.

सूनबाई बाहेर आली ती हसतच. साहेब खूश होता, घरूनच काम कर म्हणाला होता. मग तिला पेटीला चिकटलेले सासरे दिसले.

"हा पुठ्ठा तू लावायचीस?"

तिने मान डोलावली.

"कळलं होतं, तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोन दिवस खपून केली होतीत, बाबा. कशी सांगणार? वाटलं, पुठ्ठ्यावर भागेल."

चौतीस वर्षं लोकांनी काकांना फोन बंद म्हणून शिव्या घातल्या होत्या. लाइनमनला वाईट वाटू नये म्हणून दोष पोटात ठेवणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं, आणि तेही स्वतःची नोकरी पणाला लावून. काकांना भरून आलं. ते लपवायला त्यांनी तिला झापलं, की यापुढे तक्रार तोंडावर करायची, गप्प बसलेल्या ग्राहकाची लाइन कुणाच्या बापाला दुरुस्त होत नाही.

संध्याकाळपर्यंत पेटी भिंतीवरून उतरली आणि नातीच्या खेळण्यांना मिळाली. काकांनी वहीत लिहिलं: दोष, पेटी. उपाय, काढली. मग रिवाजाप्रमाणे वही सहीसाठी सूनबाईपुढे सरकवली. तिने सही केली, वही परत द्यायला उचलली आणि थांबली. पत्त्याचा कोरा रकाना तिला दिसला होता. तिने पुन्हा पेन घेतलं आणि तिथे लिहिलं, 'आपलं घर'.