राधाकृष्णाचं नुकसान

राधाकृष्ण आमच्या शाळेतला वरिष्ठ लिपिक. वय एकोणचाळीस, लग्न व्हायचंय, आणि तोंडी उत्तर हे उत्तरच नव्हे असं मानणारा. माझ्या एका दिवसाच्या रजेसाठी त्याने माझ्याकडून चार लेखी खुलासे घेतलेत. मी तिथे चित्रकला शिकवतो. तेव्हा त्याच्याबद्दल मी निःपक्षपातीपणे बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. माणूस मात्र मनाचा चांगला आहे.

हिंगोलीत मोंढ्याच्या बाजारामागच्या गल्लीत तो आणि त्याची आई गंगूताई राहतात. शेजारी तातेरावांचं हळद पॉलिश करायचं शेड. उन्हाळ्यात वाळलेली हळद मोठ्या लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात. हळकुंडं चकाकतात, आणि निघालेली धूळ राधाकृष्णाच्या अंगणात उतरते. धुणं पिवळं, दूध पिवळं, मांजरसुद्धा पिवळं. त्यात हा पांढऱ्या सदऱ्याशिवाय काही घालत नाही.

गेल्या एप्रिलात कनेरगाव नाक्याहून देवश्रीचं स्थळ आलं. पाहुण्यांच्या स्वागतासाठी हा शहाणा अर्धा तास आधीपासून अंगणात उभा, आणि पलीकडे ड्रम चालू. पाहुणे देवश्रीला घेऊन फाटकातून आले तेव्हा हा कपाळापासून पायाच्या नखापर्यंत पिवळाधमक. मुलीच्या मामांनी विचारलं, तुम्हाला हळद लागलीय की काय? आता एकीच्या नावाची हळद लागलेला नवरदेव दुसरीला कोण दाखवेल? राधाकृष्णाने प्रश्न नीट ऐकून घेतला आणि मुद्देसूद खुलासा लिहायला तो आत गेला. मुद्दा क्रमांक तीनपर्यंत पोचला तोवर पाहुणे उठून गेले होते. गंगूताई पोह्यांच्या बश्या घेऊन फाटकापर्यंत धावल्या.

ऐकून मी आधी पोट धरून हसलो. मग वाईट वाटलं, कारण देवश्रीचा फोटो त्याने शाळेच्या हजेरीपटात ठेवला होता आणि दिवसातून दहादा हजेरीपट उघडत होता. आठवडाभर तो धड जेवला नाही. मग तातेरावांना तुरुंगात घालायचं ठरवून, मला सोबत घेऊन, वकील करुणा मॅडमकडे गेला.

मॅडमनी त्याला शांतपणे समजावलं. हा फौजदारी गुन्हा म्हणून नेण्यासारखा प्रकार नाही, हे दिवाणी अपकृत्य. शेजाऱ्याच्या उद्योगामुळे आपल्याला आपल्याच घरात सुखाने राहता येत नसेल तर कायदा त्याला उपद्रव म्हणतो. त्यासाठी आपण स्वतः दाद मागायची, आधी नोटीस, मग दावा. कोर्ट धूळ थांबवायचा मनाई हुकूम देऊ शकतं, भरपाईसुद्धा देऊ शकतं. पण नुकसान झालं, आणि ते या धुळीनेच झालं, हे आपण शाबीत करायचं.

"तुमचं नुकसान काय झालं?" त्यांनी विचारलं.

"लग्न," राधाकृष्ण म्हणाला.

मॅडमना हसू आवरेना. असलं नुकसान कोर्टात टिकणं कठीण, त्या म्हणाल्या, धुळीमुळे नकार दिला असं मुलगी स्वतः लिहून देणार आहे थोडीच. दुसरा कोणी असता तर ही गंमत आहे हे त्याला कळलं असतं. याने ती वहीत टिपून घेतली.

रविवारी माझ्या स्कूटरवर आम्ही कनेरगाव नाक्याला. देवश्रीचं तिथे झेरॉक्सचं दुकान आहे. राधाकृष्णाने नमस्कार केला आणि टाईप केलेला कागद तिच्यापुढे ठेवला. 'मी सदर इसमास केवळ हळदीच्या धुळीमुळे नकार दिला.' खाली सहीसाठी रेघ. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

देवश्रीने कागद दोनदा वाचला. यावर सही करता येणार नाही, म्हणाली.

"काहून?"

"खोटं हाय हे. मी कुठं नकार दिला? मामा उठले, मंग समदेच उठले. मला कोणी इचारलंच न्हाई." मग म्हणाली, "मी फाटकापाशी मागं बघून राहिले होते, तुमी बाहेर येऊन काही बोलता का म्हणून. एक शब्द बोलले असते ना, तर मामाला मी परत बसवलं असतं."

राधाकृष्णाचा चेहरा पाहवेना. इतके दिवस तातेरावांना शिव्या घातल्या, आणि स्थळ घालवलं होतं ते यानेच. आता हा कोरा कागद मागणार, मी मनात म्हटलं.

"ती शेजारच्या ड्रमची धूळ होती," तो म्हणाला. "मला हळद कोणाचीच लागली न्हाई. अन् तुमी मला फोटोतच पसंत पडल्या होत्या."

एका दमात. आवक-जावक क्रमांकाशिवाय. मी सतरा वर्षं त्याच्याबरोबर काम करतोय, इतकं लांब बोललेला कधी ऐकला नव्हता.

देवश्रीने पेन घेतलं, त्याचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'मी यांना नकार दिलेला नाही.' सही केली. एक झेरॉक्स स्वतःसाठी काढून घेतली.

सोमवारी करुणा मॅडमनी तो कागद वाचला आणि चष्मा काढला. हा नोटिशीला जोडला तर तुमचं नुकसान झालंच नाही असं होईल, त्या म्हणाल्या.

"मंग लग्नाचा परिच्छेद काढा, मॅडम," राधाकृष्ण म्हणाला. "धुळीचा तेवढा ठेवा. आता घरात दोघींचं धुणं वाळत पडंल."