बाबांचा मतदारसंघ

माझ्या वडिलांना आमच्या लोकसभा मतदारसंघाचा इतिहास तोंडपाठ आहे, आणि तो ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. कोण कधी निवडून आलं एवढंच नाही. कोणत्या चाळीने कोणाला उचलून धरलं, कोणी ऐनवेळी टांग दिली, पडलेल्यांपैकी कोण पुन्हा गल्लीत फिरकलाच नाही, हे सगळं. पाहुण्याच्या हातात चहाचा कप आला की बाबांची गाडी सुरू व्हायची, आणि आई आत भांडी जरा जोरात आपटायची.

बाबा नेते नव्हते. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहणारा साधा माणूस. पण दर निवडणुकीला ते रजा टाकून पोलिंग एजंट म्हणून बसायचे. मतदान केंद्रात उमेदवारातर्फे एक माणूस बसतो. अधिकाऱ्याने नाव पुकारलं की आपल्याकडच्या यादीत त्याच्यावर रेघ मारायची आणि आलेला माणूस तोच आहे ना हे तोंड पाहून सांगायचं, एवढं त्याचं काम. बाबा ते पट्टी लावून, लाल पेनाने करायचे. समासात बारीक अक्षरात त्यांचे शेरे असत: गावी. मयत. सासरी. यादीत नाव नसलेला माणूस कितीही ओळखीचा असो, त्याच्यासाठी ते तोंड उघडायचे नाहीत.

त्यांच्या तोंडून ऐकलेला इतिहास कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही. शिक्का मारून मतपत्रिकेची घडी घालायचे दिवस. घडी उलटी पडली की शाई दोन चिन्हांवर उमटायची आणि मत बाद. बाबा चाळीतल्या बायकांना आदल्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पानावर घडी घालायला शिकवायचे. मग मशीन आलं आणि त्यांची ती शिकवणी बंद पडली. मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली. रस्त्यापलीकडची चाळ दुसऱ्या मतदारसंघात गेली, आम्ही इकडे राहिलो. दोन सख्खे भाऊ समोरासमोरच्या खिडक्यांत उभे राहून बोलायचे आणि त्यांचे खासदार वेगळे. बाबांना हे कित्येक दिवस पचलं नाही. आणि आता अगदी अलीकडे, ज्या पक्षासाठी ते आयुष्यभर बसले तोच दुभंगला. दोन्हीकडे त्यांचीच माणसं.

पण मला सांगायचं आहे ते मी काय केलं त्याबद्दल.

आमची चाळ पुनर्विकासाला गेली. आई त्याआधीच गेली होती. टॉवर उभा राहीपर्यंत म्हणून बाबा माझ्याकडे बोरिवलीला आले, त्याला चार वर्षं झाली. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. गेल्या लोकसभेच्या आदल्या वर्षी माझ्या गळ्यात मतदारयादीचं, बीएलओचं काम पडलं होतं. म्हणजे शाळा सुटल्यावर घरोघरी जायचं, यादीतली नावं तपासायची, मेलेल्यांची आणि घर सोडून गेलेल्यांची कमी करायची. एकदा बैठकीत आमचे सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘मॅडम, तुमच्याच घरात राहणाऱ्या माणसाचं नाव अजून अंधेरीच्या पाडलेल्या चाळीत?’’ सगळे हसले, मीही हसले. पण ते लागलं.

बाबांना विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी विचारलं नाही. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याचे कागद भरायचे होते. त्यातच मी स्थलांतराचा अर्ज ठेवला. ‘‘खय करू सही?’’ बाबांनी विचारलं. मी बोट ठेवलं. लेकीने बोट ठेवलेल्या जागी त्यांनी चष्मा न लावता सही केली. महिन्याभरात त्यांचं नाव आमच्या सोसायटीच्या यादीत आलं आणि तिकडून गेलं. नवं कार्ड पोस्टाने आलं, ते मी कपाटात साड्यांखाली ठेवलं.

मी नियमाने वागले, असं मी स्वतःला खूपदा समजावलं. माझं लग्न झालं तेव्हा पंधरा दिवसांत बाबांनी स्वतःच्या हाताने अर्ज भरून माझं नाव चाळीच्या यादीतून कमी केलं होतं. माहेरपणाला गेले तर यादीत माझ्या नावावर पट्टी लावून मारलेली लाल रेघ, समासात ‘सासरी’. मला रडू आलं होतं. ते म्हणाले, ‘‘नियम आसा गो.’’ त्यांच्या सहीसाठी बोट ठेवताना माझ्या मनात तो दिवस होता का? होता. खोटं कशाला बोलू.

लोकसभेची निवडणूक लागली. बीएलओचं काम तोवर दुसऱ्या बाईंकडे गेलं होतं, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मला निवडणुकीच्या ड्युटीतून सूट मिळाली होती. बाबांना एजंट म्हणून बसायला दोन्ही गटांचे फोन आले. एकाकडून आला तेव्हा ते ‘बघतो’ म्हणाले, दुसऱ्याकडून आला तेव्हाही ‘बघतो’ म्हणाले. नंतर त्यांची भूकच गेली. पेपर उघडायचे, घडी करायचे, पुन्हा उघडायचे. तीन आठवडे हे चाललं. मग एका सकाळी त्यांनी नीट दाढी केली, दोघांनाही फोन करून नाही म्हटलं आणि मला सांगितलं, ‘‘खयच बसणंय नाय. ह्या टायमाक मी नुसता मत देतलंय. ठरला माझा.’’

कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तीन आठवडे जिवाला खाऊन ठरवलेलं ते एक मत होतं, आणि ते द्यायची जागाच मी काढून घेतली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्यांना पोह्यांवर खोबरं हवं का विचारलं.

मतदानाच्या दिवशी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सात वाजता दारात उभे. ‘‘चिठ्ठी नको,’’ म्हणाले, ‘‘माझो नंबर माका पाठ आसा.’’ आम्ही मेट्रोने अंधेरीला निघालो. प्रत्येक स्टेशनाला मी ठरवलं की पुढच्या स्टेशनाला सांगायचं. बाबा खिडकीतून बाहेर बोट दाखवत कुठपर्यंत कोणाचा मतदारसंघ हे सांगत होते.

केंद्र आमच्या जुन्या शाळेत होतं. चाळीतली पांगलेली माणसं दहिसरहून, नालासोपाऱ्याहून मत द्यायला आली होती. ‘‘काका, बरे आहात ना?’’ ‘‘काका, यंदा आत नाही बसलात?’’ बाबांचा चेहरा उजळला होता. मला तो बघवेना. ते वर्गात गेले, मी दाराशी थांबले. आतून त्यांचा आवाज आला. भाग क्रमांक, अनुक्रमांक, नाव, वडिलांचं नाव. मग पानं उलटल्याचा आवाज. मग अधिकाऱ्याचा आवाज, ‘‘आजोबा, नाव वगळलंय तुमचं. स्थलांतरित.’’

बाबा बाहेर आले ते मान खाली घालून. रांगेत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शाळेबाहेर दोन्ही गटांची टेबलं होती. एका टेबलावरचा तगडा गडी उठला. ‘‘काकांचं नाव कापलं? वाट लावली यार यांनी. हे मुद्दाम केलंय.’’ दुसऱ्या टेबलावरून उत्तर आलं, ‘‘तुमच्याकडे बसले नाहीत म्हणून तुम्हीच कापलंत.’’ कालपर्यंत एका ताटात जेवलेली पोरं एकमेकांच्या अंगावर धावली. कोणीतरी मोबाइल काढून बाबांसमोर धरला. ‘‘काका, बोला ना. तुमच्यावर अन्याय झालाय, सांगा.’’

बाबा मोबाइलकडे नाही, माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ‘‘दोघांकाय नाय म्हटलंय, म्हणान काडल्यानी गो माका.’’

म्हणजे आयुष्यभर ज्यांच्यासाठी बसले त्यांनीच आपल्याला पुसून टाकलं, असं त्यांना वाटलं होतं. ते मला ऐकवलं नाही.

‘‘कोणी नाही काढलं,’’ मी म्हणाले. ‘‘मी काढलं. अर्ज मी भरला. तुमची सही पेन्शनच्या कागदांत घेतली.’’

मोबाइल खाली आला. चाळीतली एक बाई ‘‘अगं, पण काय गं’’ एवढंच म्हणाली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या सगळ्यांकडे वळून ते म्हणाले, ‘‘माझ्या चेडवान बरोबर केल्यान. मी आता थयसर रवतंय. नियम तसोच आसा.’’ आणि कोणाचा निरोप न घेता चालू लागले.

त्यांनी चारचौघांत मला सांभाळून घेतलं. शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. परत येताना मेट्रोत ते खिडकीकडे पाठ करून बसले. बोरिवलीला पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, मतदान सहापर्यंत होतं. मी साड्यांखालून ते कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ‘‘बाबा, केंद्र समोरच आहे. पाच मिनिटांचं काम.’’

‘‘थयसर माका कोण वळाखता?’’ ते म्हणाले, आणि आत जाऊन शर्ट बदलला. सहा वाजले. मतदार झाल्यापासून त्यांच्या बोटाला शाई लागली नाही असं पहिल्यांदाच झालं. लिफ्टमध्ये शेजारच्यांनी ‘‘केलं का मतदान?’’ म्हणून आपलं बोट दाखवलं, तेव्हा बाबांनी हात खिशात घातला.

आठवडाभराने त्यांनी नव्या बीएलओ बाईंकडून स्वतःच अर्ज मागून आणला. चष्मा लावून, एकेक अक्षर सुटं काढून त्यांनी तो भरला. पत्ता लिहिला जुन्या चाळीचा, खोली क्रमांकासकट. माझ्याकडे देत म्हणाले, ‘‘ह्यो तूच दी. तुका समाजता त्यातला.’’

समजतं मला त्यातलं. त्या पत्त्यावर आज पत्र्यांचं कुंपण आहे आणि आत पाणी साचलेला खड्डा. तिकडची बीएलओ तिथे जाईल, पत्र्यावरचं टॉवरचं चित्र बघेल आणि लिहील, ‘अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी नावांपुढे लिहिलं आहे, आणि लिहिल्यावर पुढच्या घराची बेल वाजवली आहे. बाबांच्या नावापुढे ते कोणी लिहावं हे मला सहन होणार नव्हतं. मी अर्ज दिला नाही. तो माझ्या पर्समध्ये चेनच्या कप्प्यात आहे.

दर चार-सहा दिवसांनी बाबा विचारतात, ‘‘इली काय गो यादी?’’

‘‘छापायला गेलीय, बाबा,’’ मी सांगते. दुसऱ्यांदा फसवते आहे मी त्यांना, आणि या वेळी नियमही माझ्या बाजूला नाही.

‘‘घाय नाय,’’ ते म्हणतात. ‘‘अजून पाच वर्सां आसत.’’

बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत.