आप्पांच्या हातातला जोर

आप्पांचा विसराळूपणा आमच्या लक्षात आला तो बराच उशिरा. त्याआधीच त्यांच्या हातांतला जोर गेला होता, पण त्याचा अर्थ आम्हाला कळला नव्हता.

आप्पा म्हणजे माझे वडील. लातूरकडून येऊन भोसरीतल्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर त्यांनी सगळी नोकरी काढली. रिटायर झाल्यावर आम्ही मोशीला राहायला आलो. तिथं एकदा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. आप्पा पाना घेऊन ओट्यापाशी उभे राहिले. नट हलेना. "गंज चढलाय," घाम पुसत ते म्हणाले. प्लंबरनं तोच नट सहज फिरवला. तोवर आप्पा बाल्कनीत जाऊन बसले होते.

पुढं सोफ्यावरून उठताना ते टेकू घ्यायला लागले. वय झालं, असं आम्ही धरून चाललो. मग एके सकाळी कोपऱ्यावर दूध आणायला गेले ते दुपारी आळंदी रस्त्याला सापडले.

पिंपरीच्या डॉक्टरांनी त्यांना एक यंत्र मुठीत दाबायला दिलं. काटा जेमतेम हलला. नंतर कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. आप्पांनी गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला कोंबले. एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवत डॉक्टर म्हणाले, "मेंदू इथं आक्रसलाय. स्नायूंची ताकद आणि विचारशक्ती बरेचदा बरोबरच उतरतात. कशामुळे काय, ते छातीठोक सांगता येत नाही. पण यांना बसवून ठेवू नका."

आईनं ते मनावर घेतलं. खुर्चीतून उठायचं, परत बसायचं, ओला टॉवेल पिळायचा. "अहो, अजून एकदा," ती म्हणायची. आप्पा वैतागायचे, पण करायचे. उन्हाळाभर बरं चाललं. सोसायटीच्या गेटपर्यंत एकटे जायचे, वॉचमनला कंपनीतल्या गोष्टी सांगायचे. पावसाळ्यात तापानं दवाखान्यात पडले. घरी आले तेव्हा पाय उभे राहत नव्हते आणि आईला ते "ओ बाई" अशी हाक मारत होते. वर्षभरात तीही हाक बंद झाली.

त्यानंतर एके दिवशी आईचा फोन आला. मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या कॅबमध्ये अडकले होते.

"अगं, जोर आला त्यांना! माझा हात धरला, सोडतच नाहीत."

ती हसत होती. कितीतरी महिन्यांनी मी तिचं हसू ऐकत होते. घरी पोचले तर तिचं मनगट लाल झालेलं, दोन बांगड्या फुटलेल्या. मी आप्पांच्या तळहातावर बोटं ठेवली. त्यांनी ती घट्ट आवळली. मला रडू आलं.

आठवड्यानं डॉक्टर घरी आले. आईनं त्यांना कौतुकानं सगळं सांगितलं. खिशातलं पेन काढून त्यांनी आप्पांच्या तळहातावरून फिरवलं. आप्पांनी पेन तसंच आवळलं. नजर छताकडे होती.

"तान्ह्या बाळाच्या हातात बोट दिलं की ते धरतं ना, तसं हे आहे," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "मोठेपणी मेंदूचा पुढचा भाग ही सवय दाबून ठेवतो. तो भागच आता काम करेनासा झालाय."

"म्हणजे ताकद नाही?" आईनं विचारलं.

"नाही."

पेन सोडवायला त्यांना वेळ लागला. डॉक्टर गेल्यावर आईनं खिडकीत जपून ठेवलेले फुटक्या बांगड्यांचे तुकडे उचलले आणि कचऱ्यात टाकले. त्या संध्याकाळी तिनं आप्पांना भरवलं ते त्यांच्या हातापासून लांब बसून.

दिवाळीनंतर गावाहून काका आले, आप्पांचे धाकटे भाऊ. कॉटच्या कडेला बसून त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला. आप्पांनी तो आवळला. काका हमसून रडायला लागले.

"वळखलं मला! वहिनी, दादानं वळखलं!"

मी आईकडे पाहिलं. ती दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या.

"हो, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्हाला ओळखलं."

काका मुक्कामाला राहिले. आप्पा थंडीत गेले, छातीत कफ होऊन. दादानं आपल्याला ओळखलं, हे काका अजूनही भेटेल त्याला सांगतात, आणि आई ऐकून घेते.