सावल्या विकणारे मामा

शिरूर आणि दौंड तालुक्यांतली निम्मी हाडं आतून पाहिलेला एकच माणूस मला माहीत आहे, आणि त्याचाच एक्स-रेवर विश्वास नाही. हे माझे दूरचे मामा. दौंडच्या एका लहान दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं एक्स-रे काढले आणि निवृत्तीच्या सत्कारात, शाल खांद्यावर असतानाच, "जन्मभर नुसत्या सावल्या इकल्या" असं जाहीर केलं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. ते ऐकत नव्हते. सवय मात्र सुटली नाही. लग्नपत्रिका असो की पापड, मामा आधी उजेडासमोर धरतात. फोटो काढताना "श्वास धरा" म्हणतात आणि "सोडा" म्हणायला विसरतात. भाचीच्या लग्नाच्या अल्बममध्ये अख्खं वऱ्हाड गाल फुगवून उभं आहे.

पुढे त्यांना प्रोटॉनचा, म्हणजे अणूतल्या कणांनी शरीराचा फोटो काढण्याचा, नाद लागला. रविवारी चर्चबाहेर जो सापडेल त्याला धरायचे. "प्रोटॉन म्हंजी आपली एसटी. मांडवगणातनं निघाली, शिरूरला किती दमून पोचली, त्यावरनं मधला रस्ता कळतो. शरीरात बी तसंच."

"आणि वाटेत बंद पडली तर?" पाळकांनी विचारलं.

"फोटोला आरपार जायाच पायजे. जास्त जोर देऊन सोडायची!"

हे हसण्यावारी न्यायची सोय गेल्या वर्षी संपली. मामींच्या डाव्या डोळ्यामागे गाठ निघाली. मुंबईत प्रोटॉनचेच उपचार ठरले: झोत गाठीतच थांबवायचा, नजरेच्या शिरेपर्यंत जाऊ द्यायचा नाही. पण तो नेमका कुठे थांबेल, हे ठरणार सीटी स्कॅनवरून, म्हणजे पुन्हा एक्स-रेवरूनच. त्यात थोडा अंदाज राहतो, हे मामांना पक्कं ठाऊक. त्यांनी तरुण डॉक्टरांना गाठलं. "फोटो बी प्रोटॉननंच काढा की."

डॉक्टर हसले नाहीत. "बरोबर बोलताय, मामा. त्यावर काम चालू आहे, पण अजून प्रयोगच आहेत. आज सीटीवरच भागवायचंय."

मामा अडून बसले. शेवटी मामीच म्हणाल्या, "अवो, तीस वर्सं लोकांनी तुमच्या सावल्यांवर हाडं बसवून घेतली. मी बी घेते."

उपचार संपल्यावर परवा मामांच्या गावी, मांडवगणला गेलो, तर मामी उजवा डोळा पदराने झाकून डाव्याने तांदूळ निवडत होत्या. तांदूळ स्वच्छच होता. खडे मामांनी मोजून मिसळले होते. सगळे सापडले. मामांनी ते दोनदा मोजले.

"हिचं अंदाजावर निभावलं," ते हळूच म्हणाले. "पुढच्या पेशंटचं तरी मोजून व्हावं."

मग पुन्हा तांदळात मिसळायला त्यांनी खडे मुठीत घेतले. मामी मुद्दाम रस्त्याकडे बघत राहिल्या.